कुत्र्या-मांजरामुळे जुळणारी प्रेमकथा लिहायचीय? मग आधी डॉक्टरकडचा केसपेपर वाचा

प्राण्यामुळे दोन माणसं जुळतात ही गोष्ट आपल्याकडे काही नवीन नाही. नळ-दमयंतीचं जमवलं कोणी, तर हंसाने. आणि त्यातही रघुनाथ पंडितांचं नलदमयंतीस्वयंवराख्यान ज्यांनी शाळेत पाठ केलंय त्यांना आठवत असेल, नळाने पकडल्यावर तो हंस लगेच प्रेमाचा निरोप न्यायला तयार वगैरे होत नाही, आधी तो रडतो, म्हणतो माझी आई म्हातारी आहे, तिला उडता येत नाही, बायको बाळंत होऊन सातच दिवस झालेत, मला मारलंस तर त्यांचं काय. म्हणजे बघा, त्या पक्ष्याला घर आहे, काळजी आहे, स्वतःची अडचण आहे, आणि नळाने दया दाखवली म्हणून पुढचं सगळं घडतं.

आता हल्ली ऑनलाइन येणाऱ्या कथा बघा. कुत्रा पट्टा सोडून पळतो, हिरोच्या पायात घुटमळतो, हिरोइन धावत येते, नजरानजर होते, आणि तिथून पुढे तो कुत्रा कुठे गेला कोणालाच माहीत नाही. तो जेवला का, त्याला फिरवलं कोणी, दोघं कॉफी प्यायला गेले तेव्हा तो कुठे बांधला होता, काही नाही. असा प्राणी कथेतून काढून तिथे हरवलेलं पाकीट ठेवलं तरी काही बिघडत नाही. आणि हीच पहिली परीक्षा समजा, की प्राण्याच्या जागी पाकीट ठेवून कथा चालत असेल तर कथा अजून लिहून झालेली नाही.

खाली जे सांगतेय ते याच एका गोष्टीभोवती आहे. प्राण्याच्या पोटापाण्याची, आजारपणाची, सवयींची खरी माहिती घ्या, त्यातूनच प्लॉट निघतो, वेगळा शोधायला लागत नाही.

पायरी १: प्राणी ठरवा, पण कायदा बघून

हे पहिलं का, तर बरेच जण इथेच घसरतात. आजीच्या खिडकीतला पिंजऱ्यातला राघू "मिठू मिठू" करत शेजारच्या मुलाला हाका मारतो, गोड वाटतं वाचायला, पण आपला देशी हिरवा पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. तेच चांदणी कासवाचं, स्टार टॉर्टॉइज म्हणतात ते, लकी म्हणून लोक घरात ठेवतात, तेही बेकायदा. तुमची हिरोइन प्राणीप्रेमी म्हणून दाखवताय आणि तिच्या घरात पिंजऱ्यात पोपट, मग ती कसली प्राणीप्रेमी? पक्षीच हवा असेल तर बजरीगर घ्या, लव्हबर्ड घ्या. किंवा सरळ उलटं करा, आजीचा राघू बेकायदा आहे हे सांगायला आलेला मुलगा हाच हिरो, आणि आजी त्याला दारातून हाकलते. सुरुवात वाईट नाही.

कुत्रा घेताना जातीचा विचार करा. नागपूरच्या मे महिन्यात थंड प्रदेशातला हस्की दाखवलात तर एसीचं बिल कोण भरतंय ते पण दाखवा. पग असेल तर तो जिने चढून धापा टाकणार, त्याचं चपटं नाकच तसं आहे, तो हिरोइनच्या मागे टेकडीवर पळत जाणार नाही. मला विचाराल तर गल्लीतला देशी कुत्रा सगळ्यात चांगला, कारण तो कोणा एकाचा नसतो. त्याला सकाळी दूध-पोळी एक जण घालतो, रात्री बिस्कीट दुसरा, नावं दोन, आणि त्याच्यावर हक्क सांगणारी माणसं पण दोन, म्हणजे अर्धं काम झालंच की. कानाला व्ही आकाराची खाच असेल तर त्याची नसबंदी झालेली आहे, ही एक ओळ टाकली तरी कुत्र्यांमध्ये वावरणारा वाचक लगेच ओळखतो की लिहिणाऱ्याला माहितीय.

पायरी २: भेटी योगायोगाने नाही, प्राण्याच्या वेळापत्रकाने घडवा

प्रेमकथेत सगळ्यात अवघड काय असतं तर दोन बिझी माणसांना परत परत एकत्र आणणं. एकदा योगायोग चालतो, दुसऱ्यांदा वाचक भुवया उंचावतो, तिसऱ्यांदा बंद करून टाकतो. प्राण्याचा फायदा हाच की त्याचं शरीर घड्याळ लावून चालतं. कुत्र्याला दिवसातून दोन-तीनदा खाली न्यावंच लागतं, पाऊस असो, ब्रेकअप असो की अप्रेझल असो. पिल्लू असेल तर पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास. म्हणजे नुसत्या लसीकरणाच्या कार्डावर तुम्हाला चार भेटी तारखेसकट तयार मिळतात.

आणि आजारपण असेल तर विचारूच नका. पार्व्हो या विषाणूच्या आजाराचं उदाहरण घ्या. लस न झालेल्या पिल्लांना होतो, उलट्या, रक्ताची जुलाब, तो विशिष्ट घाण वास, पिल्लू दोन दिवसांत चिपाडासारखं होतं. उपचार म्हणजे पाच-सहा दिवस सलाईन, बऱ्याचदा सकाळ-संध्याकाळ. आता असं धरा की सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू, त्याला उचलणारी दोन माणसं, एक नाइट शिफ्टवाला, एक शाळेत शिक्षिका. तो शिफ्ट संपवून सकाळचं सलाईन करतो, ती शाळा सुटल्यावर संध्याकाळचं. दोघं एकमेकांना भेटतच नाहीत! मध्ये फक्त क्लिनिकच्या काउंटरवर ठेवलेली एक वही. "सकाळी दोन उलट्या. रक्त नाही. पाणी पाजू नका म्हणालेत." खाली दुसऱ्या अक्षरात, "संध्याकाळी उलटी नाही. पाय चाटला. तुम्ही झोपलात का?" आता सांगा, याच्यापुढे गुलाबाचं फूल कशाला हवंय.

याच आजारात अडथळा पण फुकट मिळतो. पार्व्होचा विषाणू जमिनीवर, बुटांना, कपड्यांना महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनेलवर भरवसा ठेवून चालत नाही, ब्लीच लागतं. शिक्षिकेच्या घरी बहिणीने आणलेलं लस न झालेलं पिल्लू असेल तर तिने त्या आजारी पिल्लाच्या जवळ जाणं म्हणजे घरच्याचा जीव धोक्यात घालणं. मग ती येणं बंद करते, त्याला कारण कळत नाही, त्याला वाटतं कंटाळली. हा गैरसमज आहे पण फालतू नाहीये, त्याच्यामागे एक खरी गोष्ट आहे. नाहीतर आपले गैरसमज काय असतात, तर त्याने तिला मामेभावाबरोबर पाहिलं.

पायरी ३: पहिली भेट, एक उदाहरण पूर्ण करून दाखवते

कांदेपोह्यांचा कार्यक्रम घेऊ, कारण तो आपला आहे आणि तो लिहून लिहून गुळगुळीत झालाय, त्यामुळे त्यात जीव आणता आला तर कुठेही आणता येईल.

सांगली. रविवार. मुलीचं घर, तिच्या घरी पॉम, म्हणजे पॉमेरेनियन कुत्रा, वजन सात किलो, नाव पहिलवान. मुलाकडचे आले, पोहे झाले, फोटो दाखवून झाले, "तुम्ही दोघं जरा गॅलरीत बोला" झालं, दोघांनाही या कार्यक्रमात इंटरेस्ट नाही, दोघंही घरच्यांसाठी आलेत, दोघंही एकमेकांना तेच सांगायचं कसं याचा विचार करतायत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून पातेलं पडल्याचा आवाज. पहिलवानाने उरलेल्या पोह्यांचं पातेलं खाली ओढून निम्मं संपवलेलं.

आता इथे साधा लेखक काय करेल, सगळे हसतील आणि वातावरण हलकं होईल. पण कांदा कुत्र्याला विषारी असतो. शिजवलेला पण. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात त्याने. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की त्रास सुरू होऊ शकतो, म्हणजे सात किलोच्या पॉमला जेमतेम एक मोठा कांदा. मांजराला तर याहून कितीतरी कमी पुरतो. एक बशी पोहे लॅब्रॅडॉरने खाल्ले तर फार काही नाही, म्हणून मी मुद्दाम छोटा कुत्रा आणि पातेलं घेतलंय. हे गणित कथेत लिहायचं नसतं पण तुम्हाला माहीत असावं लागतं.

मुलगा म्हणतो, "कांदा होता ना त्यात?" त्याच्याकडे मांजर आहे म्हणून त्याला माहितीय. रविवार असल्यामुळे क्लिनिक बंद, डॉक्टरांना फोन लावतात, स्पीकरवर.

"किती कांदे घातले होते?"

आई गप्प. पाहुण्यांसमोर कसं सांगायचं.

"अहो काकू, किती?"

"...तीन."

"तीन मोठे की लहान?"

"एक मोठा," आई म्हणते, "आणि... कोबी थोडा. पोहे वाढावेत म्हणून."

हा कोबी मला फार आवडतो, कारण त्या एका वाक्यात घरची परिस्थिती, आईचा स्वभाव, मुलाकडच्यांसमोरची लाज सगळं आलं, आणि कुत्र्याचा धोका पण थोडा कमी झाला. मुलाची आई कोबीवर काय चेहरा करते तेवढं फक्त दाखवा.

कांदा पोटात जाऊन तास-दोन तासच झाले असतील तर डॉक्टर इंजेक्शन देऊन उलटी करवतात. (घरी मीठ-पाणी पाजून करवू नका, कथेत पण नाही, कोणीतरी वाचून खरंच करेल.) तर दोघं स्कूटरवर, मध्ये टॉवेलमध्ये गुंडाळलेला पहिलवान, डॉक्टर घरून येऊन शटर उघडतात, इंजेक्शन, आणि उलटी होते ती मुलाच्या खास आजसाठी इस्त्री केलेल्या पँटवर. इथपर्यंत विनोद. खरी गंमत पुढे आहे. कांद्याचा परिणाम लगेच दिसत नाही, पुढच्या काही दिवसांत दिसतो, म्हणून डॉक्टर सांगतात की चार-पाच दिवस हिरड्यांचा रंग बघत राहा, गुलाबी असल्या तर ठीक, पांढरट पडल्या किंवा लघवी लालसर-तपकिरी झाली तर ताबडतोब आणा.

लग्नाला दोन्हीकडून नकार गेलेला आहे. आणि तरी रोज सकाळी त्याचा मेसेज, "हिरड्या?" ती फोटो पाठवते. ओठ वर करून दात दाखवणारा वैतागलेला पॉम. "गुलाबी." दुसऱ्या दिवशी, "हिरड्या?" "गुलाबी. आज चावला मला." पाचव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल येतो, आता विचारायचं काही कारण उरलेलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी ती फोन हातात घेऊन बसलीय, मेसेज नाही. नऊ वाजता नाही, दहाला नाही. साडेदहाला येतो, "माझ्या मांजराच्या हिरड्या पाठवू का?"

एवढंच. "आय लव्ह यू" च्या आधी लिहायची ही जागा आहे आणि ती पहिलवानाच्या पोटातून आली, लेखिकेच्या डोक्यातून नाही. असाच शिरा पण चालतो बरं का, प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक असतात, सत्यनारायणाच्या पूजेत एक अख्खी कथा बसलीय, घ्या कोणीतरी.

पायरी ४: अडथळा घरातून, सोसायटीतून आणा

व्हिलन लागतोच असं नाही, सोसायटीची मीटिंग पुरते. पण माहिती बरोबर घ्या. अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी, लिफ्ट पण बंद करता येत नाही. गल्लीतल्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, त्यात सोसायटीने खायला घालायची जागा आणि वेळ ठरवून द्यायची असं आहे, आणि ती जागा जिन्याजवळ, गेटवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणी नको. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण ठरवलेल्या जागीच खायला घाला असं सांगितलं. म्हणजे तुमची कथा कुठल्या वर्षी घडते यावर हिरोइन बरोबर की सेक्रेटरी काका बरोबर हे बदलतं, आणि काकांना पण थोडं बरोबर असू द्या ना. त्यांच्या नातवाला कुत्रा चावलेला असू शकतो. हिरोने काकांची बाजू घेतली तर? मग भांडण खरं होतं, आणि सुटलं की समेट पण खरा वाटतो.

अ‍ॅलर्जीचा अडथळा वापरणार असाल तर एक सांगते, मांजराची अ‍ॅलर्जी केसांची नसते, तिच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची असते, त्यामुळे "केस कापले आणि प्रॉब्लेम सुटला" हे नाही चालणार. प्रेमाने पण जात नाही ती. गोळी घ्यावी लागते, बेडरूमचं दार बंद ठेवावं लागतं, आणि मांजर दाराबाहेर बसून रात्रभर ओरडतं, संसार म्हणतात तो हाच.

मांजराचा अजून एक प्लॉट आहे जो कुत्र्याला जमत नाही, दोन घरं धरायचा. चौथ्या मजल्यावर तिला बंडू म्हणतात, पहिल्या मजल्यावर राणी. तीन रंगांची आहे, पांढरी-काळी-भगवी, म्हणजे जवळजवळ नक्की मादी, तरी चौथ्या मजल्यावरचा पठ्ठ्या बंडूच म्हणतो. दोन्ही घरी जेवते, वजन सहा किलोच्या वर. दोघं वेगवेगळ्या दिवशी एकाच डॉक्टरकडे नेतात, दोघांनाही डाएट सांगितलं जातं, दोघंही इमानदारीत निम्मं खायला घालतात आणि वजन काही उतरत नाही. शेवटी एक जण गळ्यात कागदाची पट्टी बांधतो, "ही मांजर तुमची आहे का? हिला अजून कोणी खायला घालतंय का?" संध्याकाळी उत्तर येतं. पुढे काय करायचं ते तुम्ही बघा, फक्त कागदाचीच पट्टी ठेवा, अडकली तर फाटायला पाहिजे.

पायरी ५: प्राण्याच्या डोळ्यांनी लिहिताय तर त्याच्या नाकाने लिहा

"तिची लाल ओढणी पाहून टॉमी धावत सुटला" हे वाक्य खोडा. कुत्र्याला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, मळकट तपकिरी वगैरे दिसतो, निळा-पिवळा चांगला दिसतो. पण वास? हिरो गेटमधून आत यायच्या आधी त्याच्या बुटांना कुठल्या गल्लीची माती आहे, तो दुपारी काय जेवला, त्याने आज दुसऱ्या कुत्र्याला हात लावलाय का, हे सगळं त्याला कळतं. ही बेवफाई पकडायची केवढी मोठी सोय आहे, आणि कोणी वापरत नाही.

शेपटी हलली म्हणजे खूश, हे पण सरसकट खरं नाही. अंग ताठ आणि शेपटी वर उभी धरून हलतेय तर जपून. सारखे ओठ चाटणं, जांभया देणं, मान फिरवणं म्हणजे त्याला ते आवडत नाहीये. बऱ्याच कुत्र्यांना गळ्यात पडून मिठी मारलेली आवडत नाही, त्यामुळे हिरोने पहिल्या भेटीत अनोळखी कुत्र्याला कवटाळलं की जाणकार वाचकाला तो हिरो नाही, येडा वाटतो. त्यापेक्षा तो बाजूला उकिडवा बसला, नजर न भिडवता, हात लांब न करता, आणि कुत्र्याला हवं तेव्हा येऊ दिलं. मुलगी लांबून हे बघतेय. संवादाची गरजच नाही. मांजराच्या बाबतीत हळूच डोळे मिटून उघडणं, ते तुमच्याकडे बघून तसं करतं तेव्हा ते निवांत असतं, तुम्ही केलंत तर बऱ्याचदा उत्तर पण देतं.

आणि ते "ज्याच्यावर कुत्रा भुंकतो तो माणूस वाईट" बंद करा आता. कुत्रे हेल्मेटवर भुंकतात, रेनकोटवर भुंकतात, काठीवाल्या वॉचमन काकांवर भुंकतात. तुमच्या हिरोवर भुंकू द्या की. पंधरा भाग भुंकू द्या.

पायरी ६: मारायचा असेल तर विचार करून मारा

वाचकाला रडवायला कुत्रा मारणं सोपं आहे आणि म्हणूनच मला राग येतो त्याचा. म्हातारा कुत्रा असेल, पहिल्या भागापासून त्याचे मागचे पाय लटपटतायत, जिना चढताना थांबतोय, तर त्याचं जाणं कथेतलंच आहे, तिथे लिहा, मन लावून लिहा, त्याला उचलून खाली नेणारा कोण हे दाखवा. पण दोघांचं भांडण मिटवायला ट्रक आणून कुत्र्याच्या अंगावर घालू नका. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून पळालेला कुत्रा दोघं मिळून शोधतायत, हे पुरेसं आहे, आणि तो सापडू दे. दूर नाही, जवळच सापडतात कितीतरी वेळा, गाडीखाली, बंद दुकानाच्या पायरीमागे.

पायरी ७: शेवट आणि छापणं

लग्न लावताय तर कुत्र्याला मांडवात आणून त्याच्या गळ्यात हार घालायचा मोह होतो, पण बँड आणि फटाके असतील तर तो बिचारा खुर्चीखाली थरथरत असेल. त्याला वरच्या खोलीत ठेवा, बरोबर करवली बसलीय, तिच्या ताटात त्याच्यासाठी साधा भात, मीठ-मसाला नसलेला. आणि लग्नानंतर तो कोणाच्या घरी राहणार, सासूबाई देवघराजवळ येऊ देतील का, गादीवर झोपणार की नाही, हे शेवटच्या भागात मिटवा, कारण वाचक हेच विचारतो.

प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन कथांच्या ठिकाणी मालिका टाकणार असाल तर सगळी लिहून झाल्यावरच पहिला भाग टाका, नाहीतर आठव्या भागात कळतं की पिल्लाचं वय चार महिने धरलंय आणि तिसऱ्या भागात त्याला पहिली लस बाकी होती. त्यासाठी वेगळ्या पानावर प्राण्याचं कार्ड बनवा, जन्मतारीख, वजन, लसी, काय खातो, कशाला घाबरतो. हिरोचं नाही बनवलं तरी चालेल. दिवाळी अंकाला द्यायची असेल तर पावसाळ्यातच पाठवावी लागते, आणि तिथे मालिका नाही चालत, एकच प्रसंग घ्या, पोह्यांचा नाहीतर वहीचा. छापायच्या आधी एकदा ओळखीच्या व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना, वाचायला द्या. ते प्रेमाबद्दल काही बोलणार नाहीत, पण सलाईन कुठल्या पायाला लावलं ते विचारतील.